सोजरचं ईस्टर

ईस्टरआधीचा दुःखसहनाचा काळ लागला की आई कांद्याची टरफलं फेकणं बंद करायची. चुलीमागच्या कोनाड्यात वेताची एक फाटकी टोपली असायची, तिच्यात ती साठत जायची. वारा आला की उडून घरभर व्हायची, उंदीर फिरला की सळसळायची. आमच्या चौघांच्या घरात लागून लागून कांदे लागणार किती? मग आई मला शेजारी पाठवायची. "टरफलं असली तर द्या म्हणावं." बाया द्यायच्या, नाही असं नाही. पण देता देता हात थांबायचा. "कशाला लागतेत गं तुमाला?" मी म्हणायची, "रंगाला." "कशाच्या रंगाला?" "अंड्याच्या." त्यापुढं कुणी विचारायचं नाही, आणि ते न विचारणं मला फार लवकर कळायला लागलं. माणूस विचारतो तोवर बरं असतं. तो विचारायचं सोडून नुसता बघायला लागला की समजावं, उत्तर त्यानं आपलं आपण ठरवून टाकलंय.

चुडाव्याच्या स्टेशनापासून गाडीवाटेनं आत जावं लागायचं असं आमचं गाव. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यातली बरीच घरं अजून तिथंच नांदतात. माझे बाबा, दानियल, स्टेशनावर पॉइंट्समन होते. गाडी यायच्या वेळी सांधे बदलायचे, हिरवी-लाल झेंडी दाखवायची, हे त्यांचं काम. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हापासून गावात ख्रिस्ती घर असं आमचं एकच होतं, तेही अगदी कडेला. आईचं नाव मार्था, पण गावानं तिचं मार्ताबाई केलं, आणि मी रूथची रुता झाले. आमच्या मागच्या कुंपणाला लागून कौसाबाईचा आखाडा होता, म्हणजे शेतातलं घर. कोरडवाहू तुकडा, दोन खोल्या, एक म्हैस. तिचा एकुलता एक मुलगा भागवत दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊस तोडायला कारखान्याच्या मुलखात जायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचा. कुंपणातून त्यांची म्हैस आमच्याकडं बघायची, आम्ही त्यांच्या चुलीचा धूर बघायचो, आणि एवढ्यावर बरी चालली होती शेजारसोबत.

तो काळ म्हणजे चाळीस दिवसांचा. घरात मटण नाही, अंडं नाही. आई सकाळचा चहा सोडायची. बाबा तंबाखू सोडायचे आणि तंबाखूची चंची खुंटीला टांगून ठेवायचे, येता-जाता तिच्याकडं बघायचे आणि दिवसेंदिवस चिडचिडे होत जायचे. ज्वारीच्या कण्या, आंबील, अंबाडीची भाजी, कच्चा कांदा आणि ठेचा, असं जेवण. संध्याकाळी कंदील लावून प्रार्थना. बाबांचा आवाज मोठा, पण त्या दिवसांत आई त्यांना हळू बोला म्हणायची. झावळ्यांच्या रविवारी आम्ही पॅसेंजरनं पूर्णेला जायचो, तिथल्या रेल्वे वसाहतीत आमच्या मंडळीचं छोटं चर्च होतं. नदीकाठच्या शिंदीचे फोक हातात घेऊन सगळे आत शिरायचे, कारण येशू यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी त्याच्या वाटेवर झावळ्या अंथरल्या होत्या. त्याच लोकांनी पाच दिवसांनी त्याला क्रुसाच्या खांबावर द्या म्हणून ओरडा केला, हे पाळकसाहेब दरवर्षी सांगायचे आणि बाबा दरवर्षी मान हलवायचे. परतताना ते फोक आम्ही पिशवीत दडवून आणायचो. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आई कडुनिंबाचा रस काढून सगळ्यांना एकेक घोट द्यायची, येशूला खांबावर लागलेल्या तहानेची आठवण म्हणून. पाडव्याला गावही कडुनिंब खायचं, म्हणून एवढ्या एकाच गोष्टीवर कुणाची नजर अडकायची नाही.

आता मी परभणीत राहते. सूनबाई फोनवरून चॉकलेटची अंडी मागवते, चमकत्या कागदातली. मागच्या दुःखसहनाच्या काळात बुधवारी आमच्याकडं प्रार्थनेला पाच-सहा जण यायचे, तर खालच्या मजल्यावरचा नवा भाडेकरू जिन्यात थांबून म्हणाला, "काकू, तुमच्याकडं बरेच लोक येतात वाटतं." मी म्हटलं, "नातेवाईक आहेत." तो हसला. मीही हसले. दार लावून घेतल्यावर लक्षात आलं की मी आतून कडीसुद्धा घातली होती.

मी शाळेत असताना एका वर्षी ऊसतोडीची टोळी परत आली ती झावळ्यांच्या रविवारच्या आसपास. ज्वारीची खळी उरकली होती, लिंब मोहरले होते, दुपारी वारा सुटला की सगळं गाव कडवट वासानं भरून जायचं. भागवतची बायको सोजर दिवाळीला गेली तेव्हा पोटुशी होती. परत आली ती मोकळी, आणि हातात लेकरू नव्हतं. गावात कुणी काही बोललं नाही. अशा गोष्टी तिकडं होतात, हे सगळ्यांना माहीत होतं. सोजर माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. आधी ती कुंपणापलीकडून मला चिंचा द्यायची, हसायची. आता ती नुसती बसून राहायची, आणि मधूनच तिची दातखीळ बसायची. कौसाबाई तिच्या नाकाशी कांदा धरायची, तोंडावर पाणी मारायची. एका जाणत्याला दाखवलं, तर तो म्हणाला, करणी आहे, उगवतीच्या दारातून आली आहे. उगवतीला दार आमचंच होतं. हे मला शाळेतल्या मुलीनं सांगितलं. मी आईला सांगितलं, आईनं बाबांना सांगितलं, आणि त्या दिवसापासून बाबा कामावर जाताना मागचं दार स्वतः ओढून बघायला लागले.

आणि नेमकी त्याच दारानं सोजर यायला लागली. दुपारी, गाव झोपलेलं असताना, कुंपणाच्या फटीतून. रिकामी घागर काखेत असायची, पण पाणी ती कधी मागायची नाही. भिंतीला टेकून बसायची. आई शिवत असली तर शिवताना बघायची, निवडत असली तर न बोलता सूप पुढं ओढून निवडू लागायची. मला तिचा भयंकर संशय आला. मी तिच्यासमोरून हलायची नाही. ती कोनाड्याकडं बघते का, टोपलीकडं बघते का, यावर माझं लक्ष.

"कौसाबाईनं पाठवली असंल," बाबा म्हणाले. "आत काय चाललंय बघून ये म्हणलं असंल. तिला घरात घेऊ नको."

"ती घरात कुठं येते? भिंतीशी बसती," आई म्हणाली.

"भिंतीलाबी कान असतेत."

"मंग ऐकू द्या की. आपण काय चोरून बोलतो का?"

बाबांनी मागच्या दाराची कडी लावली, कारण आम्ही चोरूनच बोलत होतो.

उत्तम शुक्रवारी बाबांची ड्यूटी होती, त्यामुळं पूर्णेला जाणं झालं नाही. आईनं घरातच उपासना केली. येशू दुपारी बारापासून तीनपर्यंत खांबावर होता, म्हणून ते तीन तास. खांबावरून तो जे सात वेळा बोलला, त्यातलं एकेक आई वाचायची आणि मग आम्ही गुडघे टेकायचो. धाकटा भाऊ शमुवेल पहिल्याच प्रार्थनेत झोपला. तिसऱ्या वाचनाच्या वेळी मला भिंतीपलीकडं बांगडी वाजल्यासारखं वाटलं. मी उठून फटीतून बघितलं तर सोजर गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली होती. मी आईला खुणावलं. आईनं बघितलं, आवाज जराही कमी केला नाही, उलट थोडा वाढवला. बाबा असते तर ते आईला रागावले असते.

उपासना संपल्यावर आई पाण्याचा तांब्या घेऊन मागं गेली. मी पाठोपाठ.

सोजर म्हणाली, "मावशी, तुमचा देव आज मेला म्हणं."

"व्हय."

"मंग रडत कामून न्हाईत?"

आई तिच्याजवळ खाली बसली. म्हणाली, "रडतो गं. आतून रडतो."

"पुरला कुठं त्याला?"

आईनं सांगितलं. खडकात खोदलेली कबर होती, एका भल्या माणसाची. तिच्यात ठेवला, तोंडावर मोठी धोंड लोटली, धोंडेवर मोहोर केली आणि पहारा बसवला.

"पहारा कामून? मेलेला माणूस कुठं जातो?"

"ज्यांनी मारला त्यांना शक होता. ह्याची माणसं येतील, प्रेत चोरून नेतील अन् उठला म्हणून सांगतील."

सोजरनं मान हलवली. तिला हे पटल्यासारखं दिसलं. आईचं बोलणं तोवर मी नुसतं ऐकत होते, पण सोजर ते अशी ऐकत होती की जणू शेजारच्या गावात काल घडलेलं कुणी सांगतंय. आई पुढं म्हणाली की शनिवार त्यांच्या विसाव्याचा दिवस, त्याच्या आत घाईनं पुरलं, नीट काही करता आलं नाही. म्हणून रविवारी पहाटे त्याच्या ओळखीच्या बाया सुगंधी तेलं अन् मसाले घेऊन कबरीकडं निघाल्या.

"त्यांना जागा म्हाईत व्हती?"

"व्हय. पुरताना त्या समोर बसून बघत होत्या."

सोजरनं घागर जवळ ओढली. मग म्हणाली, "नशिबाच्या बाया."

मला वाटलं ती आता उठेल. पण तिनं विचारलं, "मंग? भेटला का आत?"

"न्हाई. धोंड बाजूला झालेली. कबर रिकामी."

"कुणी नेला?"

"कुणी नेला न्हाई, सोजर. तो उठला. जिता झाला."

"असं त्या बायांना कुणी सांगितलं?"

"देवाच्या दूतानं. पांढरी कापडं घालून बसला होता तिथं."

"म्हंजी परक्यानं," सोजर म्हणाली, आणि घागर घेऊन कुंपणातून निघून गेली. माझी आई जालन्याकडच्या मिशनच्या वसतिगृहात वाढलेली, पवित्र शास्त्रातली वचनं तिच्या तोंडावर असायची. पण त्या दिवशी ती पाण्याचा तांब्या तसाच भरलेला घेऊन आत आली.

शनिवारी टोपली खाली उतरली. अंडी रंगवायचं आई वसतिगृहातल्या एका गोऱ्या मॅडमकडून शिकली होती. पातेल्यात टरफलं उकळायची, पाणी गर्द तांबडं झालं की अंडी सोडायची. त्याआधी प्रत्येक अंड्यावर कोथिंबिरीचं एक पान चिकटवायचं आणि जुन्या लुगड्याच्या फडक्यात घट्ट बांधायचं. उकडून निघालं, फडकं सोडलं की लाल अंड्यावर पानाचा पांढरा ठसा उरायचा. वर तेलाचा हात फिरवला की अंडं चकाकायचं. आई दरवर्षी आम्हांला सांगायची की अंडं म्हणजे कबर, बाहेरून दगडासारखं बंद, आणि आत जीव. लाल रंग रक्ताचा. मी एकदा विचारलं होतं की उकडलेल्या अंड्यात जीव कसा राहील, तर तिनं डोळे वटारले होते.

संध्याकाळच्या पॅसेंजरनं आम्ही पूर्णेला मावशीकडं गेलो. ईस्टरची पहाट आमची मंडळी चर्चमध्ये करत नसे, ती कबरस्तानात व्हायची. आदल्या दिवशी पुरुषांनी गवत काढून कबरींना चुना दिलेला असायचा. अंधारात सगळे मेणबत्त्या घेऊन चालत जायचे, बायांच्या हातात झेंडूच्या माळा, लेकरं अर्धवट झोपेत. ज्याच्या त्याच्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लागायची. उजाडायला लागलं की पाळकसाहेब मोठ्यानं म्हणायचे, "प्रभू उठला आहे," आणि सगळे म्हणायचे, "खरोखर उठला आहे." त्याच क्षणी बाकीचं सगळं सैल व्हायचं. माणसं एकमेकांना मिठी मारायची, सलाम करायची, बाबा खिशातून तंबाखू काढायचे. मग प्रभूभोजन, आणि दुपारी मावशीकडं येसराचा मसाला घातलेलं मटण. चाळीस दिवसांनंतर त्या वासानंच भूक दुप्पट व्हायची.

पण त्या वर्षी कबरींच्या मधून चालताना माझ्या डोक्यात सोजरचं "म्हंजी परक्यानं" फिरत होतं. इतकी वर्षं ही गोष्ट मी विजयाची गोष्ट म्हणून ऐकली होती. त्या पहाटे पहिल्यांदा दिसलं की तिच्यात सगळे एकमेकांवर संशयच घेतायत. अधिकाऱ्यांना शिष्यांचा संशय. कबरीवर आलेल्या मरियेला माळ्याचा संशय, तुम्हीच उचलून नेला असेल तर कुठं ठेवला सांगा, असं ती त्याला म्हणते, आणि तो माळी नसतोच, येशूच असतो. थोमा नावाच्या शिष्याला तर सगळ्यांचाच संशय, जखमेत बोट घातल्याशिवाय मानणार नाही म्हणतो. आज इतकी ईस्टर झाली, पण त्या पहाटेनंतर ती गोष्ट मला वेगळ्या तऱ्हेनं कधी वाचता आली नाही. पहिल्या ईस्टरच्या सकाळी आनंद फार उशिरा पोचला.

जेवून दुपारनंतरच्या गाडीनं परत आलो तर सोजर कुंपणाशी उभी होती. आईनं तिच्यापुढं अंड्यांचं भांडं धरलं. गावातल्या लेकरांना आई पूर्वी द्यायची, पण ती अंडी नाल्यात सापडायला लागल्यावर तिनं देणं बंद केलं होतं. सोजरनं एकेक अंडं फिरवून बघितलं आणि एकावर थांबली.

"हा हात कुणाचा?"

"हात न्हाई गं, कोथिंबिरीचं पान हाय."

"व्हय का," ती म्हणाली, आणि तेच अंडं पदरात घेतलं. आई म्हणाली, "आजच खाऊन टाक, उन्हाळा हाय." सोजरनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

पुढच्या आठवड्यात एके सकाळी बाबा रात्रपाळी करून नुकतेच आले होते, तोंड धूत होते. पोलीस पाटलांचा माणूस दारात आला. म्हणाला, "दान्यलभाऊ, दोघंबी पारावर या." मारुतीच्या पारापुढं माणसं जमली होती. मधोमध कौसाबाई उभी होती, तिच्या हातात सूप आणि सुपात ते लाल अंडं. तिनं त्याला बोट लावलेलं नव्हतं, गोधडीच्या घडीतून थेट सुपात ढकलून आणलं होतं. सोजर भिंतीशी, डोक्यावरून पदर. भागवत पाराच्या पायरीवर, दस्तीचा रुमाल डोक्यावर घेऊन खाली मान घालून.

"मार्ताबाई, हे तुमच्या घरचं का?" पाटलांनी विचारलं.

"व्हय," आई म्हणाली.

"कशाचं हाय?"

"आमच्या सणाचं. उकडून रंगवलेलं हाय, खायचं."

"खायचं म्हनती," कौसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्त भीती वाटली. "लाल केलंय. वर लेकराचा पंजा काढलाय. मपल्या सुनंचं लेकरू गेलं, अन् हिनं त्याचा पंजा तिच्या उशाला दिला. रोज तिची दातखीळ बसायलीय. आता आनखी काय सांगायचं ऱ्हायलं?"

बाबा म्हणाले, "ताई, आमी दरसाल करतो. आमचीच लेकरं खातेत. तुमच्या डोळ्यापुढं मोठी झाली."

"मंग खाऊन दावा," मागून कुणीतरी म्हणालं.

आईनं पुढं होऊन अंडं उचललं. मला हायसं वाटलं, आता संपलं असं वाटलं. तिनं ते पाराच्या कडेवर आपटलं, आणि साल निघताच असा वास सुटला की पुढच्या बायांनी पदर नाकाला लावले. आठवडाभर उन्हाळ्यात गोधडीत पडलेलं अंडं ते. आत हिरवं-काळं झालेलं. सगळा जमाव दोन पावलं मागं सरकला. कौसाबाई म्हणाली, "बगा." एवढंच. आई ते हातात धरून उभी राहिली. मग तिनं हात तोंडाकडं न्यायला सुरुवात केली, आणि बाबांनी तिचं मनगट पकडलं. त्या क्षणी आमचं त्या गावातलं राहणं संपलं असं मला स्पष्ट दिसलं. कुठल्या डब्यात काय भरायचं, इथपर्यंत माझं मन गेलं होतं.

"मी मागून घेतलं ते," सोजर म्हणाली.

परत आल्यापासून तिचा आवाज गावानं ऐकला नव्हता. सगळे वळले.

"मावशीनं खा म्हणलं व्हतं. मी खाल्लं न्हाई. मला त्याच्यात मपल्या लेकराचा हात दिसला. मला मपलं लेकरू कुणी दावलंच न्हाई." तिनं पदर मागं घेतला आणि पायरीकडं बघितलं. "ह्यांना इचारा. मी पाचटाच्या कोपीत पडून व्हते. मी रडणं ऐकलं लेकराचं. मंग हे आले अन् म्हणले, मेलेलं व्हतं, पुरून आलो. मेलेलं लेकरू रडतं का?"

लांब स्टेशनाकडं एक मालगाडी जात होती, तिच्या खडखडाटावरून डबे मोजता आले असते. आमच्यावर रोखलेली सगळ्या गावाची नजर सोजरच्या त्या एका प्रश्नासरशी भागवतकडं फिरली. मुलगी झाली असेल, टाकली असेल, कुणाला देऊन टाकली असेल. प्रत्येकाच्या तोंडावर ते दिसत होतं. कौसाबाईच्यासुद्धा. तिनं सूप खाली ठेवलं आणि आपल्याच मुलाकडं अनोळखी माणसासारखं बघायला लागली.

भागवतनं डोक्यावरची दस्ती काढली. "मेलेलंच व्हतं," तो म्हणाला. "तुला दावलं असतं तर तू तिथंच जीव दिला असता."

"मला जागा दाव," सोजर म्हणाली.

"लय लांब हाय."

"मला म्हाईत हाय किती लांब हाय. मी चालले न्हाई का तिथं?"

भागवत उठला. "चल. दावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती दोघं गेली. बाबांनी त्यांना गाडीत चढताना बघितलं. दोघं एकाच डब्यात, पण समोरासमोर बसली होती. त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. गावात दोन गट पडले. एक म्हणायचा, भागवत तिला वाटेत ढकलून देणार. दुसरा म्हणायचा, ख्रिस्तावांनी बाईच्या डोक्यात भरवलं, तिला बाटवायलेत. आमच्या घरी दूध घालणारी बाई यायची बंद झाली. शाळेत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. कौसाबाई आमच्याकडं पाठ करून म्हैस धुवायची. बाबा ड्यूटी नसली तरी गाडीच्या वेळी स्टेशनावर जायचे आणि प्रत्येक पॅसेंजरचे सगळे डबे बघून परत यायचे. आई विचारायची, बाबा मान हलवायचे. मी अंथरुणात पडून विचार करायची की भागवत एकटा उतरला तर बाबा आम्हांला खरं सांगतील का.

ती दोघं एकत्र उतरली. भागवतच्या डोक्यावर गाठोडं होतं आणि सोजर त्याच्या पुढं चालत होती.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याकडं आली ती पहिल्यांदाच पुढच्या दारानं, भर उन्हात. आईनं तिला आत बोलावलं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. खाता खाताच तिनं सांगितलं. त्या मळ्यात ऊस पुन्हा कमरेइतका झाला होता. मळेवाल्याची म्हातारी आई होती, तिनं सोजरला ओळखलं. म्हणाली, तुझं लेकरू मीच धुतलं, मुलगी होती, तिनं डोळे उघडले नाहीत की श्वास घेतला नाही. रडणं तू ऐकलंस ते शेजारच्या कोपीतल्या लेकराचं. तुझा नवरा पाटाच्या कडेला बसून रडत होता, त्याला मीच उठवलं. बाभळीच्या बुडाशी दगड रचलेले होते आणि तेवढी जागा नांगरताना सोडलेली होती. सोजरनं दगड बाजूला करून माती हातात घेतली, पुन्हा दगड होते तसे रचले. भागवतनं तिला थांब म्हटलं नाही. "दिस मावळेपातुर बसले," ती म्हणाली. "मंग आले."

आमच्या सणाचा सगळा आनंद कबर रिकामी सापडण्यात आहे. तिचा जीव ती भरलेली सापडण्यात अडकला होता. हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं, पण आईला ते कळलं असावं. ती पुनरुत्थानाचं एक अक्षर बोलली नाही. सोजरच्या ताटात तिनं अजून अर्धी भाकरी वाढली.

म्हातारीला भागवतनं आधी पढवून ठेवलं असेल का, असं मी नंतर आईला विचारलं. आई म्हणाली, "असंल. पण तिनं हात लावून बघितलं ना." मला ते पुरलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरत नाही. दगड काय, कुणीही रचतं. पण सोजरची दातखीळ त्यानंतर कधी बसली नाही, आणि पुढच्या दिवाळीला ती ऊसतोडीला गेली नाही, भागवत एकटा गेला, एवढं मी डोळ्यांनी बघितलं.

जेवून तिनं हात धुतले, तेव्हा आईनं विचारलं, "घरी सांगितलंस का?"

"सांगितलं. आत्याबाई म्हनतेत, कुणाचेबी दगड दावले असतील. पारावर म्हनतेत, हिला यड लागलंय." ती पदराला हात पुसत थांबली. "मावशी, तुमच्या त्या बाया. कबरीवरून माघारी आल्या, घरी येऊन सांगितलं, तवा त्यांचं कुणी खरं मानलं का?"

"न्हाई," आई म्हणाली. "वायफळ बडबड म्हणले."

"कोण? ते पहारेवाले?"

"न्हाई गं. त्याचीच माणसं. रोज त्याच्या पंगतीला बसणारी."

सोजरनं पदर सारखा केला.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. तिनं घागर काखेला लावली, पुढच्या दारानं बाहेर पडली, आणि कुंपणाची फट सोडून पारावरून, बसलेल्या सगळ्या माणसांच्या समोरून, डोकं वर ठेवून आपल्या घरी गेली.